लग्नाचे फोटो काढणाऱ्याची पावसाळी शोधाशोध: जव्हारचे मुखवटे, कच्छची गलबतं आणि बँजोवाल्यांचे मोबाईल

वरातीतला कॅमेरा

मंडळी, राम राम.

मी धंद्याने लग्नाचा फोटोग्राफर. कल्याण, मुरबाड, बदलापूर हा माझा टापू. तुळशीची लग्नं झाली की जे जुंपून घ्यायचं ते आषाढ लागेपर्यंत मान वर करायची सोय नाही. मग चार महिने सामसूम. यंदा त्या सामसुमीत एक उद्योग केला. गॅलऱ्या, बिनाले (दर दोन वर्षांनी भरणारी मोठी कलाप्रदर्शनं) वगैरे ठिकाणी फोटोग्राफी आणि व्हिडिओ आर्टच्या नावाखाली सध्या काय चालतं ते शोधून शोधून पाहिलं. आर्ट कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यामुळे जाणकारांना यातलं बरंच शिळं वाटेल. त्यांनी खुशाल खाली प्रतिसादांकडे सरकावं.

सुरुवात गौरी गिल यांच्यापासून झाली. १९९९ पासून त्या पश्चिम राजस्थानातल्या गावांत जाऊन फोटो काढतायत. त्या कामाला, 'नोट्स फ्रॉम द डेझर्ट'ला, २०२३ चा प्री पिक्टे हा फोटोग्राफीचा पुरस्कार मिळाला. एक लाख स्विस फ्रँक! आकडा वाचून धंदेवाईक कुतूहल जागं झालं, खोटं कशाला सांगू. पण शोधता शोधता हाती लागलं ते जव्हार. जिथे मी हळदी शूट करायला जातो ते जव्हार.

२०१५ पासून त्यांनी जव्हारकडच्या कोकणा आणि वारली समाजातल्या मुखवटे करणाऱ्यांबरोबर 'अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही मालिका केली आहे. सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे दोघे भाऊ, त्यांच्या घरची माणसं आणि गावातले इतर. बोहाड्यासाठी, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या तिकडच्या उत्सवासाठी, कागदाच्या लगद्याचे देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे करणारी ही मंडळी. बाईंनी त्यांना वेगळे मुखवटे करायला सांगितले: रोजच्या जगण्यातले, माणसांचे, पशुपक्ष्यांचे, वस्तूंचे. मग ते घालून माणसं आपापल्या रोजच्या जागी बसली-उभी राहिली आणि बाईंनी फोटो काढले. २०१७ साली हे काम युरोपातल्या डॉक्युमेंटा १४ या मोठ्या कलाप्रदर्शनात होतं, २०१८ साली न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या कलासंग्रहालयात.

आता माझी अडचण बघा. आमच्या धंद्यात चेहरा म्हणजे सर्वस्व. नवरीचे डोळे शार्प नसले तर अल्बम परत येतो. इथे चेहराच झाकलेला. मग नजर जाते कुठे? हातांवर, पायाच्या बोटांवर, खांदा कुठल्या बाजूला कललाय त्यावर. लग्नांच्या इतक्या वर्षांत मी कुणाचे खांदे बघितलेच नव्हते असं वाटायला लागलं.

दुसरा धक्का 'फील्ड्स ऑफ साइट'चा. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड आणि गौरी गिल यांचं हे एकत्र काम, २०१३ पासूनचं. बाईंनी गावाचे, शिवाराचे कृष्णधवल फोटो काढायचे. वांगड त्यात कुठेतरी उभे किंवा बसलेले असतात. आणि मग त्याच प्रिंटवर वांगडांनी शाईने चित्र काढायचं: त्या जागेच्या कथा, देव, झाडं, जंगलतोड, पोलीस, काय काय. म्हणजे कॅमेऱ्याला त्या जागेत जे दिसलं नाही ते गावकऱ्याने वरून लिहून दिलं. माझ्या प्रिंटवर कुणी पेन टेकवला असता तर मी काय केलं असतं ते इथे सांगत नाही.

तिसरी गोष्ट व्हिडिओतली. मुंबईत खारच्या चुईम गावात 'कॅम्प' नावाचा स्टुडिओ आहे. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन वगैरेंनी २००७ साली सुरू केलेला. त्यांची २०१३ ची 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' ही ८३ मिनिटांची फिल्म. तीन आखातं म्हणजे कच्छचं, इराणचं आणि एडनचं. कच्छी खलाशी लाकडी गलबतांतून शारजाहून सोमालियापर्यंत माल नेतात, त्या प्रवासात त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर काढलेले व्हिडिओ हा फिल्मचा मोठा भाग. साधे, जुन्या फोनचे, चौकोन चौकोन दिसणारे. खलाशांनी त्यावर आपल्या आवडीची गाणी चढवली होती आणि ब्लूटूथवरून एकमेकांना पाठवले होते. ती गाणी फिल्ममध्ये तशीच आहेत. जळणारं गलबत दिसतं, डॉल्फिन दिसतात, डेकवर चढवलेल्या बकऱ्या-गाड्या दिसतात. लाखाचा कॅमेरा घेऊन गेलेल्या कुणालाही हे मिळालं नसतं, कारण तो तिथे पाहुणा असता.

तर मला काय सापडलं? या तिन्ही ठिकाणी कॅमेरावाल्याने आपला काहीतरी हक्क सोडून दिलाय. एकीकडे चेहरा काय असावा हे दुसऱ्यावर सोपवलं, एकीकडे प्रिंटच दिली, एकीकडे तर कॅमेराच. आणि कामं त्यामुळेच उभी राहिली आहेत.

यावरून डोक्यात किडा वळवळतोय. वरातीत बँजो पार्टीची पोरं ट्रॉलीवर उभी राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत असतात. मी कायम नवरदेवाकडून बँजोकडे बघतो, ते बँजोकडून वरातीकडे बघतात. नाचणाऱ्या गर्दीचा तो समोरचा चेहरा माझ्याकडे एकाही हार्ड डिस्कवर नाही. ते व्हिडिओ मागून घेऊन, एकत्र लावून काही करावं का? आणि केलं तर ते कुणाचं काम, माझं की त्यांचं?

सल्ले, शिव्या, दोन्ही चालतील.

टग्या नंबर दोन

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खवट काका येतीलच.

खवट काका

आलो.

धागाकर्ते, लिहिलंय बरं, पण निष्कर्ष घाईचा आहे. 'हक्क सोडणं' ही सध्याची फॅशन आहे आणि गॅलरीला ती फार आवडते. आम्ही वर्तमानपत्रात चाळीस वर्षं काढली. सुधारक ओलवे यांचं काम पाहिलंत का? अकोल्याचा माणूस, मुंबईत वृत्तछायाचित्रकार. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी कृष्णधवल फोटोंची जी मालिका केली ती बघा. मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस, घाणीने माखलेलं अंग, आणि तरी त्या माणसाची मान ताठ. २००५ साली नॅशनल जिओग्राफिकचा ऑल रोड्स पुरस्कार, २०१६ साली पद्मश्री. तिथे कॅमेरा ओलव्यांच्याच हातात होता, घट्ट. हक्कबिक्क काही सोडलेला नव्हता. पुन्हा पुन्हा जाणं, बसणं, बोलणं, नंतरही संबंध ठेवणं, इमान असं राखतात.

आणि एक विचारतो. त्या जव्हारच्या फोटोंवर मोठ्या अक्षरात नाव कुणाचं?

वरातीतला कॅमेरा

काका, ओलव्यांचं काम पाहिलंय आणि तुमचा मुद्दा खाली पडू देत नाही. पण नावाच्या बाबतीत दोन कामांत फरक आहे. 'फील्ड्स ऑफ साइट' गौरी गिल आणि राजेश वांगड अशा दोन नावांनी लागतं, पुस्तकही दोघांच्या नावाचं. जव्हारच्या मालिकेत कलाकार म्हणून गिल यांचं नाव आणि कडू बंधूंची नावं सोबतच्या मजकुरात. मला हा फरक बरोबर वाटतो की नाही ते अजून ठरत नाहीये. वांगडांची रेघ प्रिंटवर दिसते, मुखवटा फोटोच्या आत आहे. पण मुखवटा काढला तर फोटोत राहतं काय, हाही प्रश्न आहेच.

चिंचेचं पान

मी मोखाडा-जव्हार भागात शिक्षिका होते, आता नाशिकला असते. बोहाडा अनेकदा पाहिलाय म्हणून थोडं लिहिते.

होळीनंतरच्या दिवसांत, रात्री, संबळ आणि पिपाणीवर सोंगं नाचतात. आधी गणपती, शारदा, मग एकेक करत सगळे, आणि शेवटाकडे देवी आणि महिषासुराचं युद्ध. आम्ही होतो त्या गावात कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं याचा मान ठरलेला होता. सोंग नाचवणाऱ्याला त्या वेळी कुणी नावाने हाक मारत नाही. माझ्या वर्गातला चौथीतला मुलगा आपल्या बापाच्या पाया पडताना मी पाहिलाय, कारण तो त्या घटकेला बाप नव्हता.

दुसरं म्हणजे मुखवटा सांगून करून घेणं ही तिकडची जुनीच रीत. गावं ऑर्डर देतात, कारागीर करतात, पैसे घेतात. गिलबाईंनी देव सोडून रोजचा माणूस मागितला एवढंच नवीन. त्यामुळे 'शहरातून आलेल्या बाईने आदिवासींना वापरलं' इतकं सोपं ते नाही. कडूंच्या घरी हा पिढीजात धंदा आहे आणि धंदेवाईक माणसाला आपल्या कामाची किंमत कळते.

खवट काका, नावाचा मुद्दा मात्र मला पटला. बोहाड्यात मुखवटा करणाऱ्याचं नाव कुणी पुकारत नाही हे खरं, पण तिथे फोटोग्राफरचंही पुकारत नाहीत.

खवट काका

शेवटचं वाक्य आवडलं. टोपी काढली.

टग्या नंबर दोन

काकांनी टोपी काढली!! वाखुसा (वाचनखूण साठवली).

जर्सीकर

२०२५ च्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या मोमामध्ये कॅम्पचं मोठं प्रदर्शन होतं, तिथे धागाकर्त्यांनी लिहिलेली गलबतांची फिल्म आणि 'बॉम्बे टिल्ट्स डाऊन' दोन्ही पाहिली. दुसरीबद्दल लिहितो, कारण मी लोअर परळचा.

मुंबईत एका ३५ मजली इमारतीच्या वर एक सीसीटीव्ही कॅमेरा बसवलाय, रिमोटवर फिरणारा. आणि तो लांबचं काहीतरी पकडून हळूहळू खाली खाली येतो. टॉवरचा माथा, मग बाल्कन्या, मग गच्ची, मग पत्रे, निळ्या ताडपत्र्या, मग गल्लीतला माणूस. असे सात पडदे एका शेजारी एक, सगळे कोसळल्यासारखे खाली येतायत, सोबत दणदणीत संगीत. जेमतेम तेरा मिनिटं. २०२२-२३ च्या कोचीच्या बिनालेत आधी लागलं होतं.

मी चाळीत वाढलो. आमच्याकडे वर बघायची सवय होती, गिरणीच्या चिमणीकडे. वरून आपण कसे दिसतो हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, तेही मॅनहॅटनमध्ये, शेजारी एक म्हातारं जपानी जोडपं. ते दोघं संपूर्ण लूप पुन्हा बसून बघत होते. मी उठून बाहेर जाऊन आलो.

धागाकर्त्यांचा सिद्धांत इथे लागू पडत नाही असं मला वाटतं. इथे कॅमेरा गल्लीतल्या लोकांना दिलेला नाही. वरून बघणं हा पाळतीचा, मालकाचा कोन आहे, आणि त्यांनी मुद्दाम तोच घेतलाय. सोडलं काहीच नाही, उलट यंत्राला त्याचीच दवा पाजली आहे.

वरातीतला कॅमेरा

हे मी पाहिलेलं नाही, फक्त वाचलंय. पण तुमच्या वर्णनावरून सिद्धांताला भोक पडलंय हे मान्य. तरी शेपूट धरून ठेवतो: यातल्याच शायना आनंद यांनी, कॅम्प सुरू व्हायच्या आधी, २००६ साली दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशनमध्ये 'खिडकियाँ' केलं होतं. सीसीटीव्ही आणि साधे टीव्ही जोडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकमेकांशी बोलायला लावलं. तेच यंत्र, पण बघणारा आणि दिसणारा एकच. म्हणजे त्यांना दोन्ही दिशा ठाऊक आहेत.

कागदी होडी

एक प्रामाणिक प्रश्न. व्हिडिओ आर्ट बघायचं कसं? गॅलरीत शिरावं तर मधूनच काहीतरी चालू असतं, अंधार, एक बाक, त्यावर कुणीतरी मोबाईल बघत बसलेलं. सुरुवात कुठे, शेवट कुठे कळत नाही. सिनेमा दोन तास पाहते मी, पण हे चार मिनिटांत जीव नकोसा करतं.

म्हापशेकर माया

कागदी होडी, म्हणजे बघा, सुरुवात हुकली म्हणून काही बिघडत नाही. बहुतेक कामं लूपवरच असतात, संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. दाराजवळच्या पाटीवर वेळ लिहिलेला असतो, तो आधी वाचायचा. पाच मिनिटांचं असेल तर एक फेरा पूर्ण बसायचं, तासाचं असेल तर आपल्या मर्जीने उठायचं. आणि कंटाळा आला तर खुशाल उठायचं, कुणी हजेरी घेत नाही!

पणजीला डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कलामहोत्सव असतो, २०१६ पासून. जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इमारतीत मोठमोठ्या खोल्या, वर उंच छत. तिथे आमच्या आईला घेऊन गेले. तिने सगळे पडदे सोडून एका छोट्या मॉनिटरसमोर ठाण मांडलं, त्यात कुणीतरी फक्त मासे साफ करत होतं. 'खवलां उरलीं मगे' म्हणत शेवटपर्यंत बघत राहिली. त्या कलाकाराला तिच्याइतका बारकाईने बघणारा दुसरा मिळाला नसणार.

आणि फोटोंसाठी सांगते, गोवाफोटोवाल्यांनी २०१७ ला साळगावात आणि २०१९ ला हळदोण्यात लोकांच्या राहत्या जुन्या घरांत प्रदर्शन मांडलं होतं. पलंगाशेजारी, देव्हाऱ्याशेजारी फोटो. घरमालकीण तिथेच बसलेली. पांढऱ्या भिंतीवर फोटो बघताना आपण जितके गप्प होतो तितके तिथे होत नाही, गप्पाच सुरू होतात.

अक्षरधूळ

धागा वाचून राहवलं नाही. सगळे २००० नंतरचंच बोलतायत, म्हणून थोडं मागे जातो.

१९६९. अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली. चित्रकार माणूस, पण त्यांनी त्या पैशांतून मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभं केलं. १६ मिमी कॅमेरा, डार्करूम, छपाईची सोय, आणि तिथे चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले यांनी यावं, एकमेकांची हत्यारं वापरावीत. पदमसींनी स्वतः 'सिझिजी' ही रेषांची ॲनिमेशन फिल्म केली. दुसरी केली, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर', तिची एकुलती प्रिंट हरवली ती हरवलीच. २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी त्या हरवलेल्या फिल्मवरच एक फिल्म केली, म्हातारे पदमसी आठवून आठवून सांगतायत अशी.

त्याच वर्कशॉपमध्ये जे.जे.मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी होत्या. तिथे त्यांनी कॅमेऱ्याशिवाय फोटो केले, छोट्या फिल्म केल्या. त्यातली १९६९ ची एक रंगीत ॲनिमेशन, स्वप्नातल्या घरांची, नव्या भारताची आशा वगैरे. १९७६ मध्ये त्यांनी तिच्या शेजारी दुसरी फिल्म लावली: कृष्णधवल, उंच इमारतीतून खालच्या झोपड्यांकडे बघणारी तरुणी. दोन्ही शेजारी शेजारी चालतात, नाव 'युटोपिया'. जर्सीकरांनी वर्णन केलेलं ते वरून खाली बघणं आठवून पाहा. मुंबईत हा कोन जवळपास पन्नास वर्षं घोळतोय.

पुढे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर मलानींनी मंटोंच्या 'टोबा टेक सिंग' या फाळणीवरच्या कथेवर व्हिडिओ मांडणी केली. ती लागली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या आणि प्रत्येकीत एक टीव्ही चालू. फाळणीत कराचीहून आलेल्या घरातली मुलगी ती, ट्रंक काय असते हे तिला कुणी शिकवायला नको. संग्रहालय बघायला आलेल्या शाळेच्या सहली, गावाकडची माणसं, त्यांच्यासमोर हे होतं. गॅलरीत असतं तर त्या लोकांपर्यंत पोचलंच नसतं.

रच्याकने (बाय द वे), चित्र हलवण्याचा मोह फोटोग्राफरना फार जुना. दादासाहेब फाळके मुळात फोटोग्राफर, आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरून, थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत, रोप उगवतानाची छोटी फिल्म केली आणि भांडवलदाराला दाखवली. टाइम-लॅप्स म्हणतात ते हेच.

टग्या नंबर दोन

वाटाणा बघून भांडवलदाराने पैसे दिले? आमच्या स्टार्टअपला पीपीटी बघूनही देत नाहीत.

खवट काका

अक्षरधूळ, उत्तम. मलानींची ती मांडणी मी त्या वेळी कव्हर केली होती. आमच्या डेस्कवर 'कला' पानात जागा नव्हती म्हणून फोटो छापून आला नाही, निगेटिव्ह अजून आहे. टीव्हीच्या उजेडाने ट्रंकेच्या आतला पत्रा निळा पडायचा, कृष्णधवल फिल्मवर ते काहीच आलं नाही.

प्रभाकर पाचपुते यांचंही कुणी नाव घेतलं नाही अजून. चंद्रपूरकडच्या सास्तीचा मुलगा, घरातल्या पिढ्या कोळशाच्या खाणीत. तो थेट भिंतीवर कोळशाने काढतो आणि त्याचंच स्टॉप-मोशन ॲनिमेशनही करतो. घराला ज्याने पोसलं तेच हातात धरून चित्र काढायचं. तिथे मला सिद्धांत लागत नाही, काम बघून गप्प बसलो.

काळा कोट

कलेतलं मला कळत नाही, कायद्यातलं थोडं कळतं. धागाकर्ते, बँजोचं काही करायच्या आधी हे वाचा.

१. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कुणी पैसे देऊन, सांगून फोटो किंवा फिल्म करून घेतली तर, दोघांत वेगळा करार नसल्यास, पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे तुम्ही शूट केलेल्या लग्नांच्या फोटोंचे मालक, करार नसेल तर, तुम्ही नव्हे, नवरा-नवरीकडचे. प्रदर्शनात लावायचे तर त्यांची परवानगी हवी. बहुतेक लग्नाच्या फोटोग्राफरना हे माहीत नसतं.

२. बँजोवाल्या पोराने स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या मोबाईलवर काढलेला व्हिडिओ त्याचा. बँजो पार्टीच्या मास्तरचा नव्हे, यजमानाचा नव्हे, तुमचा तर नव्हेच. ज्याचा व्हिडिओ त्याच्याकडून लेखी घ्या. साध्या मराठीत, कुठे दाखवणार, विकला गेला तर त्याला किती, हे सगळं स्पष्ट.

३. गाणी. कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे धार्मिक समारंभात संगीत वाजवणं हा भंग होत नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरातही येते. पण ही सूट वरातीला आहे. तोच आवाज उचलून गॅलरीत लावला की वरात संपली.

वरातीतला कॅमेरा

पहिला मुद्दा वाचून दोन मिनिटं गप्प बसलो, मग कराराचा मसुदा काढून बघितला. आमच्यात 'ॲडव्हान्स परत मिळणार नाही' एवढंच ठळक अक्षरात आहे.

कागदी होडी

पण हे सगळं जमलं तरी दाखवणार कसं? बँजोचे पन्नास व्हिडिओ पडद्यावर सलग लावले तर मी बाकावर मोबाईल बघत बसेन, आधीच सांगते.

म्हापशेकर माया

भिंतीवरच का लावायचं पण? दयानिता सिंग बघा. त्या फोटोला तयार वस्तू मानतच नाहीत, फोटो म्हणजे त्यांचा कच्चा माल. 'म्युझियम भवन' हे २०१७ चं काम म्हणजे एक पेटी, त्यात घडीची नऊ छोटी पुस्तकं. उघडून टेबलावर उभी केली की झालं तुमच्या घरात प्रदर्शन. २०२२ चा हॅसलब्लाड हा फोटोग्राफीचा पुरस्कार त्यांना मिळाला, दक्षिण आशियातल्या त्या पहिल्याच.

अक्षरधूळ

त्यांचं 'फाइल रूम' बघाच, २०१३ चं. देशभरच्या कचेऱ्यांतले कागदांचे ढिगारे, गाठोडी, कपाटं. माणसं थोडी, कागद फार. पुण्याच्या पुराभिलेखागारात ज्यांनी पेशवे दफ्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडून बघितलेत त्यांना त्या फोटोंचा वास येईल. तिथे ना कुणाला मुखवटा दिला, ना कॅमेरा. फोटो निवडायचे, लावायचे, पुन्हा मोडून लावायचे, बाईंचं खरं काम तिथे चालतं. धागाकर्त्यांसाठी मुद्दा असा की व्हिडिओ पोरांचे असले तरी कुठला कशाला चिकटवायचा हे ठरवणारा जो असेल, अर्धं काम त्याचं. ते ठरवताना तुम्ही एकटे बसणार की पोरांना सोबत घेणार?

पैशाचं म्हणाल तर बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९५ पासून कलाकारांना अनुदान देते, आणि अर्ज भारतीय भाषांत चालतो, म्हणजे मराठीतही. इंग्रजीची धास्ती घेऊन घरी बसू नका.

वरातीतला कॅमेरा

अपडेट. काल बँजोच्या मास्तरशी बोललो. हा माणूस माझ्यासोबत कित्येक वराती वाजवून चुकलाय, नाव देत नाही.

त्याला गलबतांच्या फिल्मचा थोडा भाग दाखवला. डॉल्फिन वगैरे ठीक म्हणाला, पण एका ठिकाणी थांबवायला लावलं. खलाशी स्वयंपाक करतायत आणि वर जुनं हिंदी गाणं चाललंय तिथे. म्हणाला, 'हे ज्याने लावलंय त्याचा कान चांगलाय.' फोटोचं एक अक्षर बोलला नाही.

मग त्याच्या अटी. एक, पिऊन पडलेले पाहुणे काढून टाकायचे, नाहीतर पुढच्या वर्षी त्या गावात सुपारी मिळणार नाही. दोन, पार्टीचं नाव पूर्ण यायला पाहिजे, मोबाईल नंबरासकट. (गॅलरीत नंबर कसा लावू हो?) तीन, लावालावी करताना तो आणि कीबोर्डवाला शेजारी बसणार, कारण कुठला तुकडा कुठल्या ठेक्यावर कापायचा हे मला कळणार नाही असं त्याचं मत. आणि चार: 'आमच्या पोरांचे व्हिडिओ तुम्ही लावताय, मग तुम्ही काढलेले आमचे फोटो आम्ही बॅनरवर फुकट लावणार.'

पहिल्या अटीवर माझं अडतंय. पिऊन पडलेला पाहुणा हा वरातीचा अविभाज्य घटक आहे. तो काढला तर उरेल ती जाहिरात.

चिंचेचं पान

काढा. त्या पाहुण्याने कुठे परवानगी दिली आहे? मास्तरला पुढच्या वर्षी त्याच गावात जायचंय, तुम्हाला नाही. सोडायचंच ठरवलंय तर आपल्याला आवडतं तेही सोडावं लागेल, नाहीतर ते सोडणं कसलं?

खवट काका

बाईंशी असहमत. तोंड ओळखू येऊ देऊ नका, पण पाहुणा ठेवा. पाय दाखवा. हातातून निसटलेला फेटा दाखवा. चेहऱ्याशिवाय फोटो बघायला तुम्ही जव्हारकडून शिकलात ना? मग वापरा की.

आणि एक व्यवहाराचं. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊ नका, दाबून येतात, पडद्यावर चिखल दिसेल. प्रत्येकाच्या फोनला केबल लावून मूळ फाइल घ्या, आणि घेतली की लगेच कुणाची, कुठल्या गावची ते लिहून ठेवा. नंतर आठवत नाही. माझ्याकडे निगेटिव्हचे डबे भरून पुरावा आहे.

काळा कोट

मास्तरची तिसरी अट मान्य केलीत तर करारात त्याचं आणि कीबोर्डवाल्याचं संकलक म्हणून नाव टाका. तोंडी राहू देऊ नका. चौथ्या अटीचं म्हणाल तर कलम १७ पुन्हा वाचा, ते फोटो कदाचित तुम्हाला देताच येणार नाहीत, यजमानाला विचारावं लागेल. आणि गाण्यांचं काय ठरलं?

वरातीतला कॅमेरा

गाण्यांवर मास्तरनेच तोडगा काढला. प्रत्येक बँजो पार्टीची एक स्वतःची एन्ट्री असते, ट्रॉली गावात शिरताना वाजवायची. ती त्याने स्वतः बसवली आहे, कुठल्या सिनेमातली नाही. म्हणाला, सगळ्या व्हिडिओंखाली ती एकच चालवा, पाहिजे तर नवीन रेकॉर्ड करून देतो.

म्हणजे आता संकलक आणि वर संगीतकार. दोन ठिकाणी नाव म्हटल्यावर तो सुपारी वाढवणार हे नक्की. शिवाय रेकॉर्डिंगला ऑक्टोपॅडवाला दिवाळीनंतरच मोकळा आहे, तोवर मी पोरांचे फोन केबलने रिकामे करायला घेतो.